जवळच्या मित्राला ॲस्पर्जर असल्याचं कळलं, तर आपण काय करायचं?

कॉलेजपासूनचा मित्र. वय तिशी-पस्तिशी, नोकरी धडधाकट, आपल्या मते थोडा विक्षिप्त पण सोन्यासारखा माणूस. एक दिवस तो सांगतो की तपासण्या झाल्या आणि ॲस्पर्जर्स सिंड्रोम असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. आपण ‘अच्छा’ म्हणतो आणि पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

ॲस्पर्जर म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार: मेंदूची जडणघडण जन्मापासून वेगळी, त्यामुळे लोकांशी देवाणघेवाण अवघड जाते. मराठीत ऑटिझमबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक लहान मुलांच्या आईबाबांसाठी असतं. मोठ्या वयात निदान झालेल्या माणसाच्या मित्रांनी कसं वागावं, यावर फारसं काही हाताशी नसतं, म्हणून हा लेख. माझं एकच म्हणणं आहे, ते आधीच सांगून टाकते: अशा मित्राला सगळ्यात जास्त उपयोग होतो आपल्या स्पष्ट बोलण्याचा, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच टंचाई आहे. (खाली सगळीकडे ‘तो’ लिहिलंय ते सोयीसाठी. मोठ्या वयात निदान होणाऱ्यांत बायका खूप आहेत. मुलींना लहानपणापासून ‘चारचौघांत नीट वाग’ इतकं शिकवलेलं असतं की त्यांची लक्षणं झाकली जातात.)

1. तो सांगतो तेव्हा

पहिल्या पाच मिनिटांत तोंडातून सहज निघणारी काही वाक्यं गिळून टाका.

‘तुझ्याकडे बघून वाटत नाही रे.’ आपल्याला हे कौतुक वाटतं. पण तसं वाटू नये म्हणून त्याने वर्षानुवर्षं जीव काढलेला असतो: समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं याचा मनात हिशेब, विनोद कळला नाही तरी इतरांबरोबर हसणं, फोन करण्याआधी वाक्यांची तालीम. याला मास्किंग म्हणतात आणि त्याने माणूस पार थकून जातो. ‘वाटत नाही’ म्हटलं की त्याला ऐकू येतं, ‘तुझ्या त्रासावर माझा विश्वास नाही.’

‘सगळेच थोडेफार तसे असतात.’ नसतात. गोंगाट तुम्हालाही आवडत नाही, पण मिक्सरच्या आवाजाने तुमचा अख्खा दिवस बिघडत नाही.

‘आइन्स्टाइनलाही होतं म्हणे.’ आइन्स्टाइन 1955 मध्ये गेले, त्यांना कोणी तपासलेलं नाही. शिवाय तुमच्या मित्राला आत्ता थोरामोठ्यांच्या यादीत जाऊन बसायचं नाहीये.

मग बोलायचं काय? ‘सांगितलंस, बरं झालं’ एवढं पुरतं. त्यानंतर तीन प्रश्न विचारा. आणखी कोणाला माहीत आहे? मी कोणाला सांगितलेलं चालेल? आत्ता तुला नुसतं ऐकून घेणारं माणूस हवंय, की काही करायला मदत हवीय? यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या मित्रमंडळींत बातमी ‘फक्त तुला सांगतोय’ म्हणत संध्याकाळपर्यंत चार जणांकडे पोचते. ती त्याची गोष्ट आहे. कोणाला, कधी, किती सांगायची हे तोच ठरवेल, आणि तुमच्या नवऱ्याला किंवा बायकोला सांगायचं असेल तरी त्याला विचारूनच.

2. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते समजून घ्या

त्याच्या कागदावर कदाचित ‘ॲस्पर्जर’ हा शब्दच नसेल. ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल 1’ असं असेल आणि डॉक्टर बोलताना ‘म्हणजे पूर्वीचं ॲस्पर्जर’ म्हणाले असतील. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी 1944 मध्ये अशा काही मुलांविषयी लिहिलं. लोर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1981 मध्ये ‘ॲस्पर्जर्स सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत ते 1994 ला आलं. बोलायला उशीर झालेला नाही, बुद्धी सर्वसाधारण किंवा वरचढ, पण लोकांशी देवाणघेवाण अवघड, असा ढोबळ अर्थ. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत हे वेगळं खातं बंद झालं आणि सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये आलं. जागतिक आरोग्य संघटनेची तशीच नवी वर्गवारी 2022 पासून लागू झाली. बरेच डॉक्टर बोलताना जुनंच नाव घेतात, त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली तर घाबरायचं कारण नाही.

काही जण जुनं नाव मुद्दाम टाळतात. नाझी राजवटीत ज्या संस्थेत अपंग मुलांना मारलं जात होतं, तिथे हान्स ॲस्पर्जर यांनी मुलं पाठवली होती, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुढे आलं. काहींना मात्र तेच नाव आपलं वाटतं. तुमचा मित्र जो शब्द वापरतो तोच तुम्ही वापरा. सुधारायला जाऊ नका.

‘लेव्हल 1’ म्हणजे नावापुरता, असंही नाही. नियमावलीत त्याचा अर्थ ‘आधार लागतो’ असाच दिलाय.

यासाठी रक्ततपासणी नाही की एमआरआय नाही. प्रशिक्षित तज्ज्ञ सविस्तर मुलाखत घेतात, निरीक्षण करतात, लहानपणाची माहिती काढतात, शक्य असेल तर आईवडिलांशी बोलतात. इंटरनेटवरच्या प्रश्नावल्या चाळणीपुरत्या ठीक, निदान म्हणून नाही. त्याने नुसती प्रश्नावली भरली असेल तर थट्टा करू नका. मोठ्यांचं निदान करण्याचा अनुभव असलेले मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधायला मदत करा. हे काम कटकटीचं आहे, कारण बहुतेक ऑटिझम केंद्रं मुलांसाठीच असतात. चार ठिकाणी फोन करून ‘तुम्ही मोठ्यांची असेसमेंट करता का? किती भेटी? किती खर्च?’ एवढं विचारून त्याला लेखी पाठवलं तरी त्याचा डोंगराएवढा भार उतरतो. अनोळखी माणसाला फोन लावणं हेच अनेकांना सगळ्यात जड जातं.

आणि उपचारांच्या नावाखाली चाललेला बाजार. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. सोबत असलेल्या चिंतेवर, नैराश्यावर, झोपेच्या तक्रारींवर किंवा एडीएचडीवर (लक्ष एकाग्र न होणं, अतिचंचलता) औषधं असतात आणि ती उपयोगी पडतात. स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांच्या जाहिराती कोणी पुढे केल्या, तर नॅशनल मेडिकल कमिशन या देशातल्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेच्या मंडळाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचं सांगितलंय, हे माहीत असू द्या. शहाणी माणसंही इथे लाखो रुपये घालवतात.

3. पहिले काही महिने

निदानानंतर माणूस आपलं आयुष्य परत पहिल्यापासून वाचायला लागतो. शाळेत एकटा का बसायचो, पहिली नोकरी का सुटली, ती मुलगी नेमकी कशावरून चिडली होती. एका दिवशी सुटका झाल्यासारखं वाटतं, दुसऱ्या दिवशी ‘हे दहावीत असताना कळलं असतं तर’ म्हणून राग येतो. दोन्ही खरं आहे. तुम्ही त्याला कुठल्याही एका टोकाकडे ढकलू नका.

या काळात तो फक्त याच विषयावर बोलेल. बोलू दे. काही दिवस तो तुम्हाला पूर्वीपेक्षा ‘जास्त ऑटिस्टिक’ दिसेल: हात हलवेल, कानाला हेडफोन लावेल, पार्टीला सरळ नाही म्हणेल. तब्येत बिघडली असं समजू नका. बहुधा त्याने झाकाझाकी कमी केलेली असते, आणि तुमच्यासमोर केली असेल तर तो तुमच्यावरचा विश्वास आहे.

4. बोलण्याची पद्धत बदला

लेखाचा गाभा हा. आपण मराठी माणसं ताकाला जाऊन भांडं लपवण्यात पटाईत. ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. ‘या कधीतरी घरी’ हे आमंत्रण नसतं. ‘काही नाही गं’ म्हणजे खूप काही. ‘पाच मिनिटांत पोचतोय’ म्हणणारा अजून आंघोळीला गेलेला नसतो. तुमचा मित्र हे सगळं शब्दशः घेतो किंवा प्रत्येक वाक्याचा छुपा अर्थ शोधत दमतो.

शनिवारी भेटायचंय. नेहमीचा मेसेज: ‘शनिवारी भेटू रे, बघू कुठेतरी, सगळेच येतायत.’ यात त्याच्यासाठी किती गाळलेल्या जागा आहेत बघा. किती वाजता? कुठे? ‘सगळे’ म्हणजे कोण? किती वेळ? आता हा बघा: ‘शनिवारी संध्याकाळी 5 वाजता, तुझ्या घराजवळच्या त्या उडप्याकडे, आतल्या बाजूचं टेबल. मी आणि समीर, आणखी कोणी नाही. 7 वाजता मी निघणार. जमणार नसेल तर नुसतं नाही लिही, कारण द्यायची गरज नाही.’ लिहायला अर्धा मिनिट जास्त लागतो. समीरबरोबर त्याची बायकोही येतेय असं शुक्रवारी कळलं, तर शुक्रवारीच कळवा. दारात सरप्राइज नको.

रागही सरळ सांगा. तोंड फुगवून बसलात तर त्याला कळणार नाही, किंवा काहीतरी बिनसलंय एवढं कळेल आणि तो रात्रभर कारणं शोधत बसेल. ‘काल माझ्या बढतीचं सांगत होते तेव्हा तू मध्येच विषय बदललास, मला वाईट वाटलं’ असं म्हणा. घटना, वेळ, परिणाम. टोमणा नको. चारचौघांत तर नकोच.

त्याचा सरळपणाही समजून घ्या. नवा कुर्ता कसा आहे विचारलंत आणि ‘रंग चांगला नाही’ म्हणाला, तर त्यात खोच नसते, प्रश्नाला उत्तर असतं. तोंडदेखलं कौतुकच हवं असेल तर ते दुसऱ्या कोणाकडून घ्या.

‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न त्याला अवघड जाऊ शकतो. स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत मांडणं ऑटिस्टिक लोकांपैकी निम्म्याच्या आसपास जणांना जड जातं, असं अभ्यासांत दिसलंय. त्याऐवजी ठोस विचारा: झोप लागतेय का, जेवलास का, ऑफिसला गेलास का. डोळ्यांत बघून बोलण्याचा हट्ट धरू नका. मनातलं बोलायचं असेल तर शेजारी शेजारी चालत टेकडी चढा किंवा गाडीत बसा. समोरासमोरच्या टेबलावर जे निघत नाही ते तिथे निघतं.

त्याच्या आवडत्या विषयावर तो तासभर बोलेल: किल्ल्यांवरची पाण्याची टाकी, एसटीच्या जुन्या गाड्या, फॉन्ट, काहीही. ऐका, पुष्कळ शिकायला मिळतं. पुरे झालं की तेही सांगा: ‘अजून दहा मिनिटं ऐकते, मग मला माझ्या बॉसबद्दल बोलायचंय.’ जांभई देऊन त्याला कळणार नाही, सांगितलेलं कळतं.

सगळा दोष त्याच्या संवादाचा आणि आपण मात्र जन्मजात समजूतदार, असं मानायचं कारण नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 मध्ये मांडलं की अडचण दोन्ही बाजूंना असते. तुम्हाला तो जितका कळत नाही, तितकेच तुम्ही त्याला कळत नाही. आजवर अर्ध्या वाटेच्या पुढेही तोच चालत आलाय.

5. भेटी, लग्नं आणि गणपती

आवाज, उजेड, वास, स्पर्श यांतलं त्याला नेमकं काय झोंबतं ते विचारून घ्या. प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाला ट्यूबलाइटची गुणगुण सहन होत नाही, दुसऱ्याला भरल्या वांग्याचा बुळबुळीतपणा. पंगतीतला आग्रह पहिल्यांदा बंद करा. ‘एवढंसं तरी घे’ म्हणून ताटात वाढलेला चमचा त्याच्यासाठी शिक्षा असते.

हॉटेलात जायचं तर दुपारी चारला, स्पीकरपासून लांब, पाठ भिंतीला लागेल अशी जागा. गणपती बघायचे तर आठवड्यातल्या दिवशी अगदी सकाळी, गर्दी लोटण्याआधी. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशांच्या पथकासमोर उभं करून ‘मजा येतेय ना?’ विचारू नका. कोणाला खरोखर येतही असेल, कारण काहींना मोठा ठेका आवडतो. म्हणून आधी विचारायचं.

लग्नाचं रिसेप्शन हा सगळ्यात कठीण पेपर: डीजे, फ्लॅश, अत्तरं, स्टेजपुढची रांग आणि ‘ओळखलंस का मला?’ म्हणणारे नातेवाईक. एका मैत्रिणीबरोबर आम्ही ठरवून हे जमवतो. वेळ सातची असेल तर पावणेसातला पोचायचं. हॉल अर्धा रिकामा असतो. नवरा-नवरी स्टेजवर आली की लगेच भेटून घ्यायचं, पहिल्या खेपेतच जेवायचं, आठपर्यंत बाहेर. मध्ये तिला असह्य झालं तर ती मला मेसेजमध्ये नुसता एक टिंब पाठवते. टिंब आलं की मी काहीही न विचारता गाडीची किल्ली घेऊन पार्किंगकडे निघते. कोणी विचारलंच तर ‘उद्या लवकर उठायचंय.’ कधीकधी दहा मिनिटं गाडीत बसून ती परत आतही येते, आइस्क्रीमसाठी.

6. बांध फुटला तर

ताण हाताबाहेर गेला की काही जण ओरडतात, रडतात, डोकं धरून फिरतात. याला मेल्टडाउन म्हणतात. काही जण एकदम गप्प होतात, बोलताच येत नाही, ते शटडाउन. दोन्हींत नखरे नसतात आणि त्या क्षणी समजावून उपयोग नसतो. शक्य असेल तर शांत जागी न्या. आवाज आणि उजेड कमी करा. विचारल्याशिवाय हात लावू नका, पाठ थोपटणंही नको. प्रश्नांची सरबत्ती बंद. विचारायचंच झालं तर हो-नाहीत उत्तर देता येईल असं, नाहीतर फोनवर टाइप करून दाखवा. जमलेल्या बघ्यांना तुम्ही आवरा. नंतर पाणी, घर, झोप. ‘का झालं असं?’ ही चर्चा त्याच दिवशी नको, दोन-तीन दिवसांनी, आणि तीही त्याची तयारी असेल तर.

7. घरचे

आईला सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ‘माझंच काही चुकलं का?’ किंवा ‘वेळेवर बोलायला लागला होता की!’ तुम्ही त्या घरात लहानपणापासून जेवलेले असाल, तर तुमच्या शब्दाला वजन असतं. मित्राने तसं सांगितलं असेल तरच बोला: ‘काकू, संगोपनामुळे हे होत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.’ लशींमुळे होतं असं कोणी म्हणालं, तर तो दावा करणारा 1998 चा शोधनिबंध त्याच नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतलाय.

दुसरा विषय लग्नाचा. ‘दोनाचे चार हात झाले की होईल सगळं ठीक’ हे ऐकलं की तिथल्या तिथे बोला. लपवून लावलेल्या लग्नात दोघांचीही फरफट होते. ऑटिस्टिक माणसं लग्न करतात, चांगले संसार करतात, मात्र समोरच्याला आधी माहीत असतं तेव्हा.

8. ऑफिस आणि कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझमचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. तिथे ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ ही 40 मुद्द्यांची मापनपट्टी वापरली जात आली आहे. गुण 70 च्या आत आले तर ऑटिझम धरला जात नाही. बोलक्या, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या माणसाचे गुण कमी येऊ शकतात. तसं झालं म्हणून डॉक्टरांचं निदान खोटं ठरत नाही. सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. प्रमाणपत्र काढायचं की नाही हा निर्णय त्याचा. काढायचं ठरलं तर त्याच्याबरोबर जा. खिडकीवर नाव पुकारेपर्यंत रांगेत तुम्ही उभे राहा आणि तो बाहेर झाडाखाली थांबू दे.

ऑफिसात सांगायचंच असं नाही. निदानाचं नाव न घेताही पुष्कळ मागता येतं: कामाच्या सूचना ईमेलवर, बसायची जागा पॅन्ट्रीपासून लांब, हेडफोनची परवानगी, मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी. ईमेलचा मसुदा त्याच्याबरोबर बसून लिहा.

9. काळजीची वेळ

ऑटिस्टिक प्रौढांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. तो जगण्याविषयी निरवानिरवीचं बोलू लागला, आवडता विषयही सोडून दिला, तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, त्याच्या डॉक्टरांना गाठा, लगेचचा धोका वाटला तर सरळ हॉस्पिटल. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर दिवसरात्र, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. चेहरा आणि आवाज शांत आहे म्हणून आत सगळं ठीक आहे, असं त्याच्या बाबतीत धरून चालू नका.

10. तुमच्या मर्यादा, आणि तो गप्प झाला तर

तुम्ही मित्र आहात, त्याचे थेरपिस्ट नाही. रात्री अकरानंतर फोन घेणार नसाल तर तसं सांगा. ठरलेला नियम त्याला ‘चालेल, बघू’पेक्षा सोपा जातो. तुम्हालाही त्याच्याकडून काही हवं असेल तर मागा. तुमचे वडील आजारी असताना त्याने आपणहून फोन केला नसेल, पण ‘उद्या दुपारी तीन ते पाच हॉस्पिटलमध्ये माझ्याबरोबर बसशील का?’ असं विचारलंत तर तो पावणेतीनला हजर असेल.

कधी तो महिना-महिना गायब होईल. त्यात रुसवा शोधू नका. बहुधा तो थकलेला असतो, आणि जितके दिवस उत्तर दिलेलं नाही तितकं आता द्यायचं दडपण वाढतं. अशा वेळी प्रश्न नसलेला मेसेज पाठवा. त्याच्या विषयातला एखादा फोटो आणि खाली: ‘हे बघून तुझी आठवण आली. उत्तर द्यायची गरज नाही. पुढच्या रविवारी सकाळी 7 ला मी टेकडीवर आहे, वाटलं तर ये.’ आणि रविवारी खरंच जा, कारण तुम्ही लिहिलंय म्हणजे तुम्ही तिथे असणार, असं तो धरून चाललेला असतो.